मूकपटाची खरी चाल

मूकपटांतील माणसे तुरुतुरु धावताना पाहून प्रेक्षक हसतो. तो दोष त्या माणसांचा नव्हे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढला त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. दांड्याच्या एका फेऱ्यास आठ चित्रे, सेकंदास दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे, असा ढोबळ हिशेब असे. पण हात तो हातच, कधी मंदावे, कधी घाई करी. पुढे बोलपट आला. ध्वनीस असला चढउतार सोसत नाही, म्हणून सेकंदास चोवीस चित्रे हे प्रमाण रूढ झाले.

मूळ ‘हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा. फुटास चित्रे सोळा. सोळाच्या गतीने तो तासाभराहून किंचित अधिक चालेल, चोवीसच्या गतीने ४१ मिनिटांत आटोपेल. एक इंचही न कापता वीस मिनिटे नाहीशी! आम्हा वकिलांच्या भाषेत, हा पुराव्यात केलेला फेरफार होय.

म्हणून जुनी फीत नव्या यंत्रावर चढविणाऱ्याने आधी चालत्या माणसाची पावले आणि पडते पाणी पाहावे, मग गती ठरवावी. अण्णा साळुंके यांनी वठविलेल्या तारामतीच्या शोकाला हसू यावे, हे आम्हांस मान्य नाही.