लूज कनेक्शनचा इतिहास

दिवाळीला पुतण्या आला की आमच्या धनजच्या घरात दोन दिवस काहीतरी उघडून ठेवलेलं असतं. एका वर्षी मिक्सर, एका वर्षी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर. या खेपेला त्यानं बॅगेतून वायरलेसचे दोन संच काढले. पोलिसांच्या हातात असतात ना, तसे वॉकीटॉकी. आमच्या सौ.ना क्षणभर वाटलं, हा पोलिसात लागला की काय!

तसं काही नाही. हौशी रेडिओ, ज्याला हॅम म्हणतात, त्याचा परवाना त्यानं रीतसर परीक्षा देऊन काढलाय. (हे मुद्दाम लिहितोय. ४४६ मेगाहर्ट्झवरचे अर्ध्या वॅटचे छोटे संच २०१८ पासून विनापरवाना चालतात, पण हे त्यातले नव्हेत. नातवंडांनो, ऑनलाइन दिसला म्हणून मागवू नका.) त्याचा एक परवानाधारक मित्र कारंज्याला राहतो. त्याच्याशी धनजहून बोलायचं, एवढाच बेत होता. संचाच्या डोक्यावरच्या रबरी दांडीनं ते जमेना, म्हणून अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या दांड्या बांबूला बांधून एरियल केली, गच्चीवर उभी केली आणि केबल खिडकीतून खाली घेतली. केबलच्या टोकाला एक तऱ्हेचा प्लग आणि संचाच्या डोक्यावर दुसऱ्याच तऱ्हेचा. मधे बोटाच्या पेराएवढा पितळी ॲडॉप्टर. तो फिरवून घट्ट बसवला, बटण दाबलं, हाका मारल्या...

कारंजा गप्प. आधी दांडीवर निदान खरखर तरी यायची, आता तीही कमी.

मग सुरू झाली शोधाशोध. बॅटरी बदलून झाली. दांड्यांची लांबी मोजून झाली. दुसरा संच घेऊन पोराला अंगणात पाठवलं, तर त्याला अगदी स्वच्छ ऐकू आलं. "म्हणजे संच चांगला आहे काका, एरियलच चुकली," असं म्हणून तो पुन्हा गच्चीवर! या अंगणाच्या परीक्षेनंच आमचा अर्धा दिवस खाल्ला. इतक्या जवळून एरियल नसली तरी ऐकू येतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

माझं बी.ए. मराठी माध्यमातलं आणि विषय इतिहास. पुढे शाळेतही तोच शिकवला. विजेतलं मला फारसं कळत नाही, पण एक सवय आहे. एखादी हकीकत पटेना तर ती कुठपर्यंत खरी आहे हे एकेक टप्प्यावर तपासायचं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, वर चढू नकोस, इथून एकेक तुकडा मोज. त्यानं मल्टिमीटर काढला. केबलची आतली तार या टोकापासून त्या टोकापर्यंत, बीप. बाहेरची जाळी, बीप. आतली तार आणि जाळी एकमेकींना लागत नव्हत्या, म्हणजे शॉर्टही नाही. ॲडॉप्टर सुटा करून मोजला, आरपार बीप. सगळे तुकडे ठणठणीत! आणि जोडले की मुके.

शेवटी मी माझं वाचायचं भिंग आणलं आणि दोन्ही तोंडं उजेडात धरून पाहिली. संचाच्या तोंडाला बाहेरून आटे आणि मधोमध बारीक भोक. ॲडॉप्टरच्या त्या बाजूला आतून आटे आणि मधोमध... तिथेही भोकच. पिन कुणालाच नाही! आटे अगदी मापात बसत होते, म्हणून घट्ट पिळला की जोड पक्का झाल्यासारखा दिसे. आत मात्र दोन भोकं समोरासमोर. बाहेरची जाळी जोडली गेली, आतली तार नाही. नशीब, बटण दाबताना त्यानं संच कमी पॉवरवर ठेवला होता. एरियल जोडलेली नसताना जोरात पाठवलं तर संचाचं शेवटचं ट्रान्झिस्टर जायचा संभव असतो.

पुतण्यानं कपाळावर हात मारला. मला मात्र दुसराच प्रश्न पडला. आटे बसतील पण तारा भेटणार नाहीत, असला जोड कोणी आणि कशासाठी बनवावा? चूक म्हणावी तर ती इतक्या नीट, मापात कशी काय केली? इथून पुढे त्याची दिवाळी एरियलमध्ये गेली आणि माझी या जोडाच्या कुळकथेत.

ज्यांनी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ पाहिलेत त्यांना आठवेल, मागच्या बाजूला दोन भोकं असायची. एकात एरियलची तार खुपसायची, एकात अर्थिंगची. त्याला ना मेल ना फीमेल. मीडियम वेव्हला ते पुरे होतं. लहरी लांब, जोड कसाही असला तरी त्यांना फरक पडत नसे. पण जसजशी फ्रीक्वेन्सी वाढत गेली तसतशी दोन तारांची, एकीच्या पोटात दुसरी असलेली केबल लागू लागली. अशा केबलची कल्पना जुनी, इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडनं १८८० मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. तिच्यात जोडालाही माप आलं. पाइपलाइनमध्ये मधेच वेगळ्या मापाचा तुकडा घातला तर पाण्याला धक्का बसतो, तसं इथे लहरीचा काही भाग उलटा फिरून संचाकडे येतो.

१९३० च्या दशकात अमेरिकेत ॲम्फेनॉल कंपनीच्या क्वाकेनबुश यांनी जाड, आटे असलेला एक प्लग केला. नाव यूएचएफ. गंमत अशी की आज यूएचएफ म्हणजे ३०० मेगाहर्ट्झच्या वरचं, आणि हा प्लग तिथे फारसा कामाचा नाही. तो केला तेव्हा ३० च्या वरचं सगळंच लोकांना अति उच्च वाटायचं! हौशी मंडळींच्या टेबलावरच्या संचांना तो अजून असतो. मग दुसरं महायुद्ध आलं, रडार आलं, आणि बेल लॅबच्या पॉल नील यांनी जास्त काटेकोर असा एन प्लग केला. पुढे त्याच नीलचं आणि ॲम्फेनॉलच्या कार्ल कॉन्सेलमनचं नाव मिळून बीएनसी झालं. दाबायचा, पाव फेरा फिरवायचा, बसला. दुकानात सीसीटीव्ही लावायला येणारा माणूस केबलच्या टोकाला बसवतो तो हाच. (बीएनसीचा अर्थ ब्रिटिश नेव्हीशी जोडणारेही भेटतात. शाळेत मुलं गावांच्या नावांच्या अशाच व्युत्पत्ती सांगायची.) १९८० च्या आसपासच्या हौशी हातसंचांच्या डोक्यावर बीएनसीच असे. संच लहान झाले तसा तो मोठा वाटू लागला आणि त्याच्या जागी आला एसएमए, पाव इंची आट्यांचा. हा मुळात प्रयोगशाळेतल्या यंत्रांसाठी आणि अशाच नेमक्या कामासाठी केलेला. साधारण ५०० वेळा लावा-काढायचा हिशेब. आणि आपण तो रोज पिळतो!

म्हणजे ॲडॉप्टर हा दोन काळांमधला दुभाषा झाला. आमच्या केबलच्या टोकाला महायुद्धाच्या वेळचा बीएनसी, संचावर नंतरच्या पिढीचा एसएमए.

आता दोन भोकांचं कोडं. अमेरिकेच्या संचार आयोगाचा एक नियम आहे, की विनापरवाना चालणाऱ्या कमी ताकदीच्या उपकरणाला गिऱ्हाइकानं भलतीच मोठी एरियल लावू नये, म्हणून त्याचा जोड बाजारात सहज न मिळणारा असावा. वायफायचे डबे आले तेव्हा कंपन्यांनी सोपी युक्ती केली. आटे एसएमएचेच ठेवले, फक्त पिनेच्या जागी भोक आणि भोकाच्या जागी पिन. उलटा एसएमए. नियम पाळला गेला. पण काही वर्षांतच हे उलटे जोडही ढिगानं बाजारात आले आणि सुलट्यांमध्ये मिसळले. नियमाचा हेतू बाजूला राहिला, अडचण तेवढी उरली. कुणीतरी कधीकाळी लोकांनी जोडू नये म्हणून जे केलं, त्यात आम्ही धनजला फसलो. जोड चुकून निकामी झालेला नव्हता, तो तसाच घडवलेला होता.

सरकारांना एरियलची धास्ती आपल्याकडेही होतीच. १९३९ ला युद्ध सुरू झालं तसे आपल्याकडच्या हौशी रेडिओवाल्यांना ट्रान्समीटर जमा करायचे हुकूम निघाले. आणि तीन वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, 'छोडो भारत'नंतर पुढारी तुरुंगात असताना मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला, ४२.३४ मीटरवर. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. माग काढणाऱ्या गाड्या फिरत, म्हणून बिऱ्हाड पुन्हा पुन्हा बदलावं लागे. दर वेळी सगळी जुळवाजुळव नव्यानं करायची आणि तीही शेजाऱ्यांना संशय न येता. वर्गात हा धडा शिकवताना मी उषाबेनचं धाडस सांगत असे, पण ही बिऱ्हाडं बदलण्याची दगदग माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. यंदा गच्चीवरून दहा वेळा खाली-वर करताना आली. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी ते केंद्र पकडलं. त्याआधी त्यांचाच तंत्रज्ञ पकडला गेला होता आणि त्यानं जागा सांगितली. गाड्यांना जे जमलं नाही ते तिथे झालं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

हे सगळं वाचत बसलो असताना मला आमच्या घरचं आठवलं. आजवर लिहिलं नव्हतं, भावंडांनाही पूर्ण ठाऊक नसेल.

वडिलांकडे सुक्या बॅटरीवरचा रेडिओ होता. टपाल कचेरीत लायसन्सचे पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. टिनाच्या छपरावर दोन बांबूंमध्ये तांब्याची तार, टोकांना चिनी मातीचे अंडाकृती गट्टू. १९६४ च्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांचा होतो. खिळ्याचा चुंबक करायला मला हातभर तांब्याची तार हवी होती. ती मी एरियलच्या खाली येणाऱ्या तारेतून कापली आणि उरलेली टोकं पिळून ठेवली. रेडिओ जरा खरखरला, पण चालत होता. कुणाला पत्ता लागला नाही.

२७ मे ला दुपारी एसटीतून उतरलेल्या कुणीतरी सांगितलं, नेहरू गेले. कुणाचा विश्वास बसेना. बघता बघता आमचं अंगण भरलं. वडिलांनी रेडिओ लावला, नागपूर केंद्र मिळेना. नुसता खर्रर्र आवाज. तार आखडल्यानं माझा उघडा जोड छपराच्या टिनाला टेकला होता आणि वारा आला की घासत होता. मला ते लगेच कळलं आणि मी बोललो नाही. दुपारचे दोन-अडीच, वऱ्हाडातला मे महिना. वडील शिडी लावून तापलेल्या टिनावर चढले. खाली माणसं मान वर करून उभी. त्यांनी जोड पाहिला, तिथूनच सायकलच्या ट्यूबचा तुकडा मागितला आणि तोंडातून एक शब्द न काढता गुंडाळला. आवाज आला. बातमी खरी होती.

मला बोलणी बसली नाहीत. रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या ते एवढंच म्हणाले, "जोड उघडा नाही ठेवत, बापा." त्यांच्या तळपायाला फोड आले होते. आई दुसऱ्या दिवशीही तूप लावत होती. तो चुंबक मी नाल्यात टाकून दिला.

असो. पुतण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पिनवाला, सुलटा ॲडॉप्टर दिवाळीनंतर अमरावतीहून आला. तो लावल्यावर कारंजा बोललं, पण तुटक तुटक. आता दोष निराळा होता. जाड केबलचं सगळं वजन त्या पितळी पेरावर लटकत होतं, संच हलला की आटे सैल पडत आणि आतली पिन धरसोड करी. त्यावर उपाय म्हणजे एक वीतभर पातळ, लवचिक केबलचा तुकडा मधे घेणं, म्हणजे भार टेबलावर पडतो, संचाच्या मानेवर नाही. शिवाय संचाचं प्लास्टिकचं कवच ॲडॉप्टरच्या कडेला आडवं येत होतं, आटे पूर्ण बसण्याआधीच तो घट्ट वाटे. कडा जराशी पातळ असलेला शोधावा लागला. ज्यांच्याकडे असे संच आहेत त्यांनी आधी आत डोकावून पिन बघावी, मग आटे शेवटपर्यंत जातात का ते, आणि केबल हळूच हलवून आवाज तुटतो का ते. गच्चीवर चढणं सगळ्यात शेवटी.

गच्चीवरचा जोड पावसापाण्यात उघडा राहू नये म्हणून तो कसलीशी महागडी टेप मागवणार होता. मी म्हटलं, थांब. आणि सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणली. ती बांधायला मीच वर गेलो. सौ. खालून ओरडत होत्या, वय काय, चढता कुठे! संध्याकाळी कारंज्याचा मित्र म्हणाला, आवाज अगदी घरात बसल्यासारखा येतोय.

तो दोन भोकांचा ॲडॉप्टर मी ठेवून घेतलाय. वडिलांच्या एरियलचा एक चिनी मातीचा गट्टूही त्याच डब्यात आहे. लायसन्सची पुस्तिका मात्र सापडत नाही. मोठ्या वहिनींच्या ट्रंकेत असेल तर कुणीतरी पाहून ठेवा, पुढच्या दिवाळीला मी घेऊन जाईन.