लिझ्यूच्या घरातील भय

बाळ येशूच्या संत तेरेजाची मूर्ती आपल्या अनेक देवळांत आहे. तिच्या हातातील गुलाब पाहून तिचे बालपणही गुलाबांचेच गेले असावे, असा भाविकांचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. फ्रान्समधील लिझ्यू गावी ज्या मार्टिन कुटुंबात ती वाढली, त्या कुटुंबात भय दोनदा मुक्कामाला आले.

१८८५ च्या मे महिन्यात, एका चिंतनशिबिराच्या वेळी, बारा वर्षांच्या तेरेजाला पापभीतीने ग्रासले. ती अवस्था सुमारे दीड वर्ष टिकली. साध्यासुध्या कृतीत, मनात सहज येऊन गेलेल्या विचारात तिला पाप दिसू लागले. आई १८७७ सालीच निवर्तली होती. ऐकून घ्यायला थोरली बहीण मारी होती. तेरेजा आपली प्रत्येक शंका, कितीही विचित्र असली तरी, तिला सांगे. क्षणभर हायसे वाटे आणि पुन्हा तीच तगमग सुरू होई. मारीने तिला कधी झिडकारले नाही. मात्र एक मर्यादा घातली. कुमसाराच्या वेळी किती पापे सांगायची ते मारी ठरवी आणि तेरेजा त्याहून एकही अधिक सांगत नसे. आपल्या कुमसार ऐकणाऱ्या धर्मगुरूंना या आजाराचा पत्ताही लागला नाही, असे तेरेजानेच पुढे लिहून ठेवले आहे. (आम्हां पुरोहितांनी येथे जरा थांबावे.) अशा विकारात पुन:पुन्हा दिलेला दिलासा भयालाच खतपाणी घालतो, असे आजचे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. मारीला ते शास्त्र ठाऊक नव्हते. तरीही, घाबरलेल्या मुलीचे सारे ऐकून घेऊन मग ‘आता एवढेच’ म्हणणे तिला साधले. नुसते ऐकण्यापेक्षा हे कठीण, असे आमचे मत आहे. ऑक्टोबर १८८६ मध्ये मारी कार्मेल मठात गेली. तेव्हा तेरेजाने बालवयात वारलेल्या आपल्या चार भावंडांना आळवले आणि तिला शांती लाभली.

दुसरे भय वडिलांचे, लुई मार्टिन यांचे. ते मायेने सोसूनही घरात मावणारे नव्हते. तेरेजाही मठात गेल्यावर, जून १८८८ मध्ये, ते कोणाला न सांगता निघून गेले आणि काही दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. पुढे त्यांना लढाया दिसू लागल्या, तोफा ऐकू येऊ लागल्या. मुलींच्या रक्षणासाठी त्यांनी पिस्तूल हाती घेतले. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना कां शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. मुली मठात गेल्यानेच बापाला वेड लागले, अशी कुजबुज गावात झाली. अशी कुजबुज आपल्याही गावांना नवी नाही, आणि तिच्या भीतीने रुग्णाला माजघरात दडवणारी घरेही आहेत. मार्टिन मुलींनी दडवले नाही. आठवडाभरात सेलिन आणि लिओनी कां येथे बिऱ्हाडाला गेल्या. भेट आठवड्यातून एकदाच मिळे; तरी त्या रोज रुग्णालयाच्या दारी जाऊन वडिलांची खबर घेत. मे महिन्याच्या मध्यापर्यंत हा क्रम चालला.

तीन वर्षांहून अधिक काळ लुई तेथे होते. १० मे १८९२ रोजी त्यांना परत आणले, तेव्हा पाय लुळे पडले होते. सेलिनलाही मठाची ओढ होती. २९ जुलै १८९४ रोजी वडिलांनी डोळे मिटेपर्यंत ती त्यांच्या उशाशी राहिली आणि मग सप्टेंबरमध्ये कार्मेलला गेली.