शस्त्रपरवाना व मद्यगृहे : भंडारा जिल्हा

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना मिळालेल्या व्यक्तीने ते शस्त्र मद्य पुरविले जाते अशा ठिकाणी न्यावे की नाही, हा अनेक देशांत विवाद्य ठरलेला प्रश्न आहे. महाराष्ट्रात त्याला एक निराळे वळण आहे. येथे शस्त्र बाळगणाऱ्यास जसा परवाना लागतो, तसा मद्य पिणाऱ्यासही लागतो. हे दोन परवाने दोन स्वतंत्र कायद्यांखाली दिले जातात व त्या कायद्यांनी परस्परांची दखल फारच थोडी घेतली आहे. मराठीत मात्र या दोन विषयांना एकच शब्द पुरतो. ‘दारू’ हा मूळचा औषध या अर्थाचा फार्सी शब्द मराठीत मद्यासाठी रूढ आहे आणि बंदुकीत ठासावयाच्या स्फोटक चूर्णासाठीही. भंडाऱ्याजवळील जवाहरनगर येथे १९६० च्या दशकात उभारलेल्या कारखान्यास लोक ‘दारूगोळ्याचा कारखाना’ म्हणतात, तो या दुसऱ्या अर्थाने.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर भंडारा इंग्रजी अंमलाखाली आला व १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने हिंदी लोकांस परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली; युरोपियनांना मात्र सूट होती. हा भेद राष्ट्रीय चळवळीस सलत राहिला. काँग्रेसच्या कराची अधिवेशनात (१९३१) संमत झालेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेवर निवडून आलेले ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तोच हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती सुचविली. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालविणे अशक्य होईल, अशा आशयाचे उत्तर देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती फेटाळली गेली. (आंबेडकरांनी पुढे १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, तीत ते पराभूत झाले.) शस्त्र हा भारतात हक्क न ठरता परवान्याचा विषय राहिला, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला. त्यानंतर १९५९ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या : मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ विदर्भासह राज्याच्या उर्वरित भागांस लागू करण्यात आला आणि संसदेने नवा शस्त्र अधिनियम संमत केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. दारूबंदी पुढे टप्प्याटप्प्याने शिथिल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. त्यामुळे मद्यपान ही आरोग्यरक्षणाच्या नावाखाली दिलेली सवलत ठरली आणि मद्य पिण्याच्या जागेस ‘परमिट रूम’ हे नाव मिळाले. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. भंडाऱ्यात परमिट रूम चालू राहिल्या. त्यांच्या परवान्यांचे प्रकरण राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत जिल्हाधिकाऱ्याकडे येते आणि शस्त्रपरवाना देणारा जिल्हादंडाधिकारीही तोच अधिकारी असतो. एकाच कार्यालयातील ह्या दोन संचिका सहसा एकत्र येत नाहीत.

१९६२ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यावर छापलेल्या अटींत, जिल्हादंडाधिकाऱ्याच्या खास अनुमतीवाचून शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक समुदायात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये, असे होते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईस ही अट सरळ लागू पडत असे. मद्यगृहाचा मात्र तीत उल्लेख नव्हता. परमिट रूममध्ये बसलेली दहापाच माणसे हा ‘सार्वजनिक समुदाय’ होतो काय, हे ज्याने त्याने अर्थ लावून ठरवावयाचे. नियमकर्त्यांनी शाळा आठवणीने लिहिली आणि मद्यगृह वगळले, याचे एक संभाव्य कारण असे, की दारूबंदीच्या त्या काळात मद्यगृह ही नेहमीची जागा म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे नसावी.

शस्त्र नेऊ द्यावे असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. रात्री रोकड घेऊन परतणाऱ्या व्यापाऱ्यास परवाना मिळतो तो आत्मरक्षणासाठी. तो जेवावयास थांबला, तर पिस्तूल मोटारीत ठेवणे अधिक धोक्याचे. ते गल्ल्यावर ठेवावे, तर मालकाजवळ त्याचा परवाना नसतो आणि कलम ३ प्रमाणे विनापरवाना शस्त्र ताब्यात असणे हाच अपराध होय. शस्त्र ठेव म्हणून स्वीकारण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे, ती पोलीस ठाणे व परवानाधारक शस्त्रविक्रेता यांच्यापुरती. विरोधकांचे म्हणणे अधिक साधे आहे : परवाना देताना अर्जदाराची जी विवेकबुद्धी तपासलेली असते, तीच मद्याने प्रथम मंदावते. दिल्लीतील मेहरौली येथे १९९९ च्या एप्रिलअखेर एका उपाहारगृहातील मेजवानीत वेळ संपल्यावर मद्य नाकारले म्हणून जेसिका लाल हिच्यावर गोळी झाडण्यात आली. ते .२२ बोअरचे पिस्तूल परवान्याचे होते. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम केली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा वाद उघडपणे विधिमंडळांत झाला. टेनेसीत २००९ मध्ये राज्यपाल फिल ब्रेडेसन यांचा नकाराधिकार डावलून परवानाधारकांस मद्य पुरविणाऱ्या उपाहारगृहांत शस्त्र नेण्याची मुभा देण्यात आली. न्यायालयाने तो कायदा संदिग्ध म्हणून रद्द केला, तेव्हा २०१० मध्ये तो नव्याने करण्यात आला. ॲरिझोना (२००९), व्हर्जिनिया (२०१०) व ओहायओ (२०११) यांनीही अशी मुभा दिली. शस्त्र बाळगणाऱ्याने स्वतः मद्य घेऊ नये, ही अट या कायद्यांत समान आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहणार कोण, यावर तेथील विरोधकांचा भर होता.

भंडाऱ्यात हातातील शस्त्रापेक्षा खांद्यावरची बंदूक जुनी. धानाच्या शेतीस रानडुकरांचा उपद्रव असल्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यानेच मान्य केला आहे. ही बंदूक शेतात व घरात असते आणि मोहाची दारूही रानालगतच्या गावांत घरीच निघत आली आहे. त्यामुळे येथील खरा प्रश्न परमिट रूमच्या दारापाशी संपत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात व त्यापासून १० किमी.च्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकांस वनखात्याकडे नोंद करावी लागते. उमरेड-कऱ्हांडला (२०१२) व कोका (२०१३) ही अभयारण्ये झाल्यावर जिल्ह्यातील अनेक गावे या कक्षेत आली.

१९८३ च्या दुरुस्तीने परवान्याचे किमान वय १६ वरून २१ वर नेले. २०१६ च्या नियमांनी पिस्तूल सार्वजनिक जागी आवरणात व झाकून नेण्याचे बंधन घातले. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या आणि परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

निवडणुकीच्या काळात मात्र दोन्ही परवाने एकाच वेळी आवरले जातात. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३५ सी नुसार मतदान संपेपर्यंतच्या ४८ तासांत मद्यविक्री बंद राहते आणि निवडणूक आयोगाच्या निदेशांप्रमाणे परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. सरसकट जमा न करता प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार छाननी समितीने करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात सांगितले. मतदान आटोपताच दुकाने उघडतात व मतमोजणीच्या दिवशी पुन्हा बंद होतात. बंदुका निकाल लागून आठवडा उलटल्यावर परत मिळतात.