ठशांची यंत्रणा कशी पारखावी

बोटावर शंख आहे की चक्र, एवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही. शंख-चक्रे असंख्य बोटांवर असतात. ओळख पटते ती बारकाव्यांवरून. रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, हे बिंदू टिपून संगणक ते साठवलेल्या लाखो ठशांशी ताडून पाहतो. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय आणि अंगुलीमुद्रा केंद्र पुण्यात आहे, त्यामुळे अशी यंत्रणा निवडण्याचा प्रश्न या शहराच्या जवळचा आहे.

विक्रेता प्रात्यक्षिक दाखवतो ते दहा बोटांच्या स्वच्छ पत्रिकांवर. तिथे जवळपास सगळ्याच यंत्रणा उत्तीर्ण होतात. खरी कसोटी घटनास्थळावरच्या ठशाची. कपाटाच्या कडीवरून पावडरीने उचललेला, पुसट, अर्धाच उमटलेला ठसा. त्यात विटा-सिमेंटचे काम करून रेषा झिजलेला हात. म्हणून चाचणीचे ठसे पोलिसांनी स्वतःच्या निकाली प्रकरणांतले द्यावेत. उत्तर आपल्याला ठाऊक, विक्रेत्याला नाही. काही ठसे मात्र मुद्दाम असे घालावेत, ज्यांचा मालक संग्रहात नाहीच. तिथे यंत्रणा किती ठामपणे चुकीचे नाव पुढे करते, ते मला वेगापेक्षा महत्त्वाचे वाटते.

कारण यंत्र निकाल देत नाही, संभाव्य नावांची यादी देते. 2004 च्या माद्रिद बॉम्बस्फोटांतला एक ठसा एफबीआयने आपल्या संग्रहात शोधला तेव्हा वीस नावे आली. त्यांतल्या चौथ्या क्रमांकाच्या अमेरिकी वकिलाशी तो जुळल्याचे तज्ज्ञांनी ठरवले आणि त्याला सुमारे दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. ठसा दुसऱ्याचाच होता, हे स्पॅनिश पोलिसांनी दाखवून दिले. संग्रह मोठा झाला, की योगायोगाने सारखे दिसणारे ठसेही वाढतात. तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचे मत न पाहता तपासणी करावी आणि यंत्रणेत तशी सोय असावी.

दुसरी अट संग्रहाच्या मालकीची. ठशांची राष्ट्रीय यंत्रणा 'नाफिस' अटक झालेल्या व्यक्तीला दहा अंकी क्रमांक देते. महाराष्ट्राच्या 'अँबिस' यंत्रणेत ठशांबरोबर चेहरा आणि बुबुळेही आहेत. ठसे विक्रेत्याच्याच गुप्त साच्यात अडकले, तर अशा यंत्रणांमधली देवाणघेवाण खुंटते. मूळ प्रतिमा प्रमाणित स्वरूपात परत मिळण्याची हमी करारातच हवी. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने या नोंदी 75 वर्षे जपायच्या आहेत. इतकी वर्षे कुठलेच सॉफ्टवेअर टिकणार नाही.