ठाण्यातला कॅमेरा कुणाच्या ताब्यात?

कॅमेऱ्याचा विषय निघाला की आपल्याला चौकातला कॅमेरा आठवतो. चोर सापडला, सिग्नल तोडला म्हणून चलन आलं, वगैरे. आज मला बोलायचंय ते पोलिसांवरच रोखलेल्या कॅमेऱ्याबद्दल. त्याची गोष्ट कॅमेऱ्याच्या बरीच आधी सुरू होते.

१८५५ साली मद्रास इलाख्यातल्या एका चौकशी आयोगाने अहवाल दिला. सारा वसूल करायला आणि गुन्हा कबूल करून घ्यायला लोकांचा छळ होतो, हे त्यात सरकारदरबारी नोंदलं गेलं. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आलं: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. बघा, ज्या सरकारने पोलीस दल उभं केलं, त्यानेच आपला अविश्वास कायद्यात लिहून ठेवला. पण कबुलीजबाब बाद केला, तरी खोलीत काय झालं ते कोण सांगणार? मारणारा आणि मार खाणारा, दोघंच तर असतात. त्यातला एक मेला तर?

१९९० च्या दशकात डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर कागदाचा उपाय काढला. अटकेचं टिपण, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. चांगलंच होतं. पण कागद लिहिणारा हात पोलिसाचाच.

मग कॅमेरा आला. वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या एका तरुणाच्या मृत्यूच्या प्रकरणात २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या सगळ्या ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितले. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात न्या. नरिमन यांच्या पीठाने देशभरासाठी तपशीलवार आदेश दिला. त्यातली जागांची यादी मुळातून वाचावी अशी आहे. फक्त कोठडी आणि दरवाजा नाही. व्हरांडा, निरीक्षकाची खोली, मागची बाजू, आवारातल्या सुट्या खोल्या, स्वच्छतागृहाच्या बाहेरचा भाग, सगळं आलं. एका ठिकाणी कॅमेरा लावला की मारहाण शेजारच्या खोलीत सरकते, हे ती यादी करणाऱ्याला पक्कं माहीत असणार. चित्राबरोबर आवाजही हवा. चित्रीकरण १८ महिने ठेवायचं, आणि ते जमत नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही.

आणि हे सगळं नीट चालू ठेवायची जबाबदारी कोणाची? ठाणे अंमलदाराची! देखरेखीला राज्य आणि जिल्हा समित्या आहेत, हे खरं. पण कॅमेरा बंद पडलाय हे समितीला कळवायचं कोणी, तर त्याच अधिकाऱ्याने.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्वतःहून दखल घेतली. निमित्त होतं राजस्थानात काही महिन्यांत कोठडीत ११ मृत्यू झाल्याच्या बातमीचं. कॅमेरे असून चालू का नसतात, हाच प्रश्न तिथे पुढे आला.

खोट्या आरोपातून सुटणाऱ्या प्रामाणिक शिपायालाही हे चित्रीकरण हवं असतं, हे आपण विसरतो. त्याच्यासाठी आणि कोठडीतल्या माणसासाठी, दोघांसाठीही, माझं मत असं की ते रोजच्या रोज ठाण्याबाहेर, पोलिसांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी जमा व्हायला हवं.