इनटेक बदलल्याने ताकद वाढते का? एका आकड्याने शिकवलेली गोष्ट

माझा पीएचडीचा विषय मोटारींचं तंत्रज्ञान आणि त्याबद्दलच्या दाव्यांचा इतिहास, असं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘स्पोर्ट्स कारला बाहेरचा एअर इनटेक बसवला तर पॉवर खरंच वाढते का?’ मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. प्रश्न कोणत्या काळातल्या, कोणत्या गाडीबद्दल आहे त्यावर उत्तर बदलतं. कसं, ते बघू.

इंजिन म्हणजे शेवटी हवा ओढणारा पंप. हवा जास्त आत गेली तर इंधनही जास्त जाळता येतं. म्हणजे दाव्याचं मूळ खोटं नाही. १९६४ मध्ये फोर्डने ड्रॅग रेसिंगसाठी फेअरलेन थंडरबोल्ट ही गाडी काढली. तिच्या चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून तिथे जाळी बसवली आणि त्या भोकांतून जाड नळ्या कार्ब्युरेटरपर्यंत नेल्या. कारखानाच दिवे काढून हवा आत घेतो, म्हणजे त्यात फायदा असणारच.

पण फायदा नेमका कशाचा? ‘वेगामुळे हवा आत कोंबली जाते’ हे लोकप्रिय उत्तर. साधा हिशेब करून बघा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा जास्तीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अर्धा टक्का भरतो. ताशी २०० ला तो दोन टक्क्यांच्याही आतच राहतो. आता तापमान घ्या. बॉनेटखालची हवा ६० अंश सेल्सिअस आणि बाहेरची ३० अंश असेल, तर बाहेरची हवा जवळपास १० टक्के जास्त घन असते. म्हणजे थंडरबोल्टच्या नळ्यांची खरी कमाई बहुतांशी गार हवेची होती, कोंबण्याची फार कमी.

इथे माझी एक फजिती सांगते. प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की शेव्हरोले कॉर्व्हेटच्या बेस मॉडेलच्या इंजिनाची ताकद १९७१ मध्ये २७० हॉर्सपॉवर होती, ती १९७२ मध्ये २०० वर आली. कारण प्रदूषणाचे नियम. मॅडमनी पेन्सिलने समासात एवढंच लिहिलं: ‘या एका वर्षात इंजिनात काय बदललं?’ मी शोधत बसले. कॉम्प्रेशन रेशो तोच, ८.५. इंजिन जवळजवळ तेच. बदलली होती ती मोजायची पद्धत! आधीचा आकडा ‘ग्रॉस’ होता: इंजिन गाडीबाहेर स्टँडवर, एअर क्लीनर आणि सायलेन्सर काढून. नंतरचा ‘नेट’: गाडीत असतात ते सगळे भाग बसवून. प्रदूषणासाठी कॉम्प्रेशन कमी केलं होतं, पण ते १९७१ च्या मॉडेललाच. माझं सत्तर हॉर्सपॉवरचं ‘कारण’ बरंचसं कागदावरचं निघालं.

गंमत बघा, जुन्या आकड्यात इनटेकचा अडथळा मोजलेलाच नव्हता. मग त्या आकड्याशी तुलना करून इनटेकबद्दल काय सिद्ध होणार?

उलट्या बाजूचा पुरावा रॅलीत सापडतो. ताकदीवर लगाम राहावा म्हणून जागतिक रॅली स्पर्धेत टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचा रिस्ट्रिक्टर सक्तीचा होता. १९९५ च्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या सेलिकामध्ये या अडथळ्याला वळसा घालून हवा आत नेणारी छुपी रचना सापडली. संघाचे त्या मोसमाचे गुण गेले आणि वर्षभराची बंदी आली. तिथे हवा हीच अडचण होती, म्हणून थोड्या वाटेसाठी एवढा खटाटोप. इनटेक कामाला येतो तो असा: गळा जिथे आवळलेला असतो तिथे.

साध्या गाडीत गळा कुठे असतो? २००९ मध्ये अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने आधुनिक, कॉम्प्युटर-नियंत्रित गाड्यांत चोंदलेला आणि स्वच्छ फिल्टर लावून तपासणी केली. मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पूर्ण पेडल दाबल्यावर वेग घेण्यात मात्र ६ ते ११ टक्के सुधारणा दिसली. कारण असं की अर्ध्या पेडलला थ्रॉटलची झडप स्वतःच हवा अडवत असते आणि हवेच्या मापाने इंधन किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या कार्ब्युरेटरला ही सोय नव्हती. आणि नीट वाचा: ही तुलना चोंदलेल्या फिल्टरची आहे. ‘नवा कंपनीचा विरुद्ध नवा बाहेरचा’ अशी ती नाही. हे ११ टक्के बाहेरच्या इनटेकच्या नावावर टाकता येणार नाहीत.

म्हणून माझं उत्तर असं. आजच्या बहुतेक स्पोर्ट्स कारचा कंपनीचा इनटेक मुळातच पुढून गार हवा घेतो. इंजिनात दुसरा काही बदल नसेल, तर नुसता इनटेक बदलून मिळणारी वाढ लहान असते, तीही पूर्ण पेडलला. उघडा फिल्टर बॉनेटखाली गरम हवेत बसवला तर उलट तोटाही होऊ शकतो. बॉनेट उघडं ठेवून, समोर पंखा लावून डायनोवर घेतलेल्या चाचणीत हा तोटा लपतो. आवाज मात्र नक्की वाढतो, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतंच!

तुमचा विषय शेतीचा असो की साहित्याचा, आकडा हाती आला की तीन गोष्टी विचारा: कशाच्या तुलनेत, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या पद्धतीने मोजला? मॅडमची ती पेन्सिलची ओळ मी अजून टेबलासमोर चिकटवून ठेवली आहे. व्हायव्हात दुसऱ्या कुणी विचारण्याआधी तो प्रश्न आपणच स्वतःला विचारलेला बरा.