चेहऱ्यावरचा उजेड

जुन्या मराठी घरांतून माळ्यावर किंवा फडताळांत एक पेटी हटकून सांपडते. तींत लग्नाच्या याद्या, कोर्टाचे कागद, एखादी चिरफळलेली जन्मपत्रिका आणि तळाशीं जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या चारसहा तसबिरी असतात. तसबिरी बाहेर आल्या म्हणजे घरांतलीं माणसें भोंवतीं जमतात. हे कोण, त्या कोण, ही नथ पुढें कोणाकडे गेली, असे प्रश्न सुरू होतात. हा चेहरा कोणत्या उजेडांत टिपला गेला, असा प्रश्न मात्र कोणी विचारलेला आम्हीं ऐकला नाहीं. वास्तविक त्या पेटींत कोण आहे आणि कोण नाहीं, जो आहे तो उजळ दिसतो कीं काळवंडलेला, शांत दिसतो कीं भ्यालेला, यांतलें पुष्कळसें त्या उजेडानेंच ठरविलेलें असतें.

तें पडताळून पाहण्यास फार साहित्य लागत नाहीं. एक बरेंसें भिंग घ्यावें आणि तसबिरींतल्या माणसाच्या बुबुळाकडे पाहावें. तेथें एक पांढरा ठिपका असतो. तो चौकोनी व एका अंगास असला तर माणूस खिडकीपाशीं बसलेला होता. बुबुळाच्या वरच्या अर्ध्या भागांत पसरट फिकट पट्टा असला तर तो मोकळ्या आकाशाखालीं किंवा कांचेच्या छपराखालीं होता. आणि अगदीं मध्यावर टांचणीच्या डोक्याएवढा तेजस्वी बिंदु असला तर समोरून फ्लॅश उडालेला होता. फोटोग्राफरचें नांव पुठ्ठ्यावरून पुसून गेलें तरी ही खूण राहते.

लुई दागेर यांची कृति १८३९ सालीं पॅरिस येथें जाहीर झाली. आरंभीं तिचा उपयोग इमारती व पुतळे यांपुरताच होता. कारण चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा भरउन्हांतही कित्येक मिनिटें भिंगासमोर उघडा ठेवावा लागे, आणि तितका वेळ न हलतां बसणें पुतळ्यालाच साधतें. पुढल्याच वर्षीं व्हिएन्नाच्या पेट्झव्हाल यांनीं पुष्कळ अधिक उजेड आंत घेणारें भिंग सिद्ध केलें; पत्र्यावरचीं रसायनेंही जलद होत गेलीं. मार्च १८४१ मध्यें रिचर्ड बिअर्ड यांनीं लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेच्या गच्चीवर, पैसे घेऊन चेहरे टिपण्याचें इंग्लंडांतलें पहिलें दुकान मांडलें. दुकान गच्चीवर कां, तर उजेड तेथें होता म्हणून. छपराला निळी कांच लावलेली होती. पत्र्यावर परिणाम करणारे किरण बहुतांशीं निळ्या बाजूचेच असल्यामुळें ही कांच कामापुरता उजेड आंत सोडी आणि बसणाऱ्याचे डोळे दिपण्यापासून वांचवी. मान हलूं नये म्हणून मागून एक लोखंडी चिमटा लावीत. आपल्या पूर्वजांच्या चेहऱ्यावरील ज्या गांभीर्याचें आपण कौतुक करतों, त्याचा थोडा वांटा या चिमट्याकडेही जातो.

त्यानंतर जवळजवळ अर्धशतक हीच रीत चालली. उजेड गिऱ्हाईकाकडे येत नसे, गिऱ्हाईकाला उजेडाकडे जावें लागे. आणि उजेड बहुधा तीन जिने चढून वर असे. ज्याला जिने चढवत नाहींत असा म्हातारा, ज्याला क्षणभर स्वस्थता ठाऊक नाहीं असें मूल, आणि जिला घराबाहेर पडतां येत नाहीं अशी बाई, हीं तिघें त्या रीतींतच वगळलीं गेलीं. पेटींतल्या तसबिरी पुरुषांच्याच कां, याचें उत्तर देतांना आपण रूढीला दोष देतों, आणि तो खराच आहे. पण रूढीला या कांचेच्या छपरानें हातभार लावला, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मुंबईला ही विद्या लवकर आली. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तींत हौसेनें पडले. पुढील वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोग्राफी शिकविण्याचा वर्गही निघाला. लंडनच्या धुक्यांत उजेड मिळविण्याची अडचण. मुंबईस अडचण उलटी होती. कांच नेहमीं उत्तरेकडे ठेवावी, म्हणजे सूर्य आंत न येतां आकाशाचा सौम्य उजेड दिवसभर मिळतो, हा युरोपांतील ठाम नियम. परंतु मुंबई एकोणिसाव्या अक्षांशावर असल्यामुळें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथें भर दोनप्रहरींही सूर्य उत्तरेकडेच असतो! वर्षांतून दहा आठवडे हा नियम येथें खोटा पडतो. सुदैवानें त्यांतले बहुतेक आठवडे पावसाळ्याचे. ढगांनीं झांकलेल्या आकाशाइतका मृदु उजेड कोणत्याही पडद्यानें साधत नाहीं. मात्र तो मंदही असतो; म्हणजे बसणाऱ्याची परीक्षा पुनः लांबली.

त्यांत आपल्याकडे डोक्यावर पगडी. वरून पडणारा उजेड युरोपियनाच्या उघड्या कपाळावर शोभून दिसतो. पगडीवाल्याच्या भिंवया, डोळे आणि अर्धें नाक तो सांवलींत बुडवून टाकतो. त्यासाठीं वरचे पडदे ओढून उजेड बाजूनें घ्यावा, आणि काळोख्या गालासमोर पांढरी चादर धरून थोडासा परत फेंकावा, एवढाच उपाय आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला येथें आणखी एक सूचना करावीशी वाटते. विल्यम जॉन्सन यांनीं मुंबईच्या निरनिराळ्या जातींचीं व पंथांचीं चित्रें दोन भागांत, १८६३ व १८६६ सालीं, प्रसिद्ध केलीं. त्यांतलीं पुष्कळ माणसें एका ठिकाणीं टिपून दुसऱ्याच देखाव्यावर बसविलेलीं आहेत. माणसावरचा उजेड एकीकडून आणि मागच्या देखाव्यावरचा दुसरीकडून, असें कोठें आढळलें कीं जोड उघडी पडते. सांवलीला खोटी साक्ष देतां येत नाहीं.

आतां रंगाविषयीं. जुन्या कांचेला निळा रंग तेवढा दिसे; तांबडा व पिवळा जवळजवळ दिसतच नसत. त्यामुळें निळें आकाश पांढरें उमटे, आणि कपाळावरचें कुंकूं काळें. गव्हाळ कातडींत तांबूस पिवळी छटा असते, म्हणून ती होती त्याहून काळी उमटे. अंगावरचें सोनेंही मलूल दिसे. हर्मान फोगेल यांनीं १८७३ सालीं कांचेस रंगद्रव्य पाजून तिची दृष्टि वाढविण्याची युक्ति शोधली, आणि १९०६ पासून सर्व रंग जाणणाऱ्या कांचा बाजारांत आल्या; पण स्वस्त फिल्म तांबड्या रंगाला पुढेंही कित्येक वर्षें आंधळीच होती. ज्या आजीला आपण तसबिरीवरून काळी म्हणतों, ती तितकी काळी होती याला पुरावा काय?

या दोषावर धंद्यानें उपाय काढला, तो फोटोग्राफरच्या पेन्सिलीचा. मूळ कांचेवर बारीक पेन्सिल फिरविली कीं छापतांना तेवढा भाग उजळ येतो. सुरकुत्या पुसण्यासाठीं निघालेली ही कला आपल्याकडे मुलींचे वर्ण उजळण्याच्या कामीं लागली. मुलीची तसबीर वरपक्षाकडे पाठविण्याची चाल पडली आणि फोटोग्राफरचें खरें गिऱ्हाईक मुलगी न राहतां तिचा बाप झाला. बापाला मुलीचा चेहरा नको असे, वर्ण हवा असे. मग समोरून, अगदीं नाकासमोरून, सपाट उजेड टाकावयाचा. म्हणजे गालाचा उंचवटा, हनुवटीची ठेवण, ओठांजवळची ती एक ओळख पटविणारी रेघ, सर्व पुसलें जातें आणि पौर्णिमेच्या चंद्रासारखी एक चकती उरते. या चकतीवर लग्नें ठरलीं आणि प्रत्यक्ष पाहण्याच्या वेळीं मोडलींही. त्यांत अपमान झाला तो मुलीचा. उजेड टाकणाऱ्याचा किंवा टाकविणाऱ्याचा झाला नाहीं.

गिऱ्हाईकाच्या आणि घरच्या माणसाच्या तसबिरींत फरक पडतो तो येथेंच. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्याचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मुलीनें व जांवयानें त्यांना कॅमेरा भेट दिला, आणि वाइट बेटावरील आपल्या घरीं कोंबड्यांच्या खुराड्याला कांचा बसवून त्यांनीं तेथें काम मांडलें. भाची, मोलकरीण, शेजारी, पाहुणे, जो हातीं लागेल त्याला त्या बसवीत. खुशामत करावयाची नसल्यामुळें उजेड त्या एकाच बाजूनें घेत आणि अर्धा चेहरा खुशाल अंधारांत जाऊं देत. धंदेवाल्यांनीं त्यांच्या चित्रांतील अस्पष्टपणाला पुष्कळ नांवें ठेवलीं. परंतु भाची ज्युलिया जॅक्सन हिची १८६७ सालची तसबीर आज पाहिली तर एक जिवंत बाई आपल्यासमोर विचार करीत बसली आहे असें वाटतें, आणि त्याच वर्षांच्या हजारों गुळगुळीत तसबिरी मेणाच्या वाटतात. धंदा करून माणूस चांगला उजेड टाकूंच शकत नाहीं, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. राजा दीनदयाळ हे तर पूर्ण धंदेवाले, निजामांचे फोटोग्राफर. पण १८९२ सालीं त्यांनीं हैदराबादेस खास जनान्यासाठीं वेगळा स्टुडिओ काढला आणि तो केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हातीं दिला. जी बाई उजेडापर्यंत येऊं शकत नव्हती तिच्यासाठीं पडद्याच्या आंत उजेडाची सोय झाली.

उजेडच उचलून नेण्याची खटपट तोंवर निराळ्या दिशेनें चालू होती. मॅग्नेशियमची तार जाळून मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स यांनीं १८६४ सालीं सर हेन्री रॉस्को यांची तसबीर घेतली. १८८७ सालीं जर्मनींत मीथे व गेडिके यांनीं मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचें मिश्रण करून लखलखाटाची दारू तयार केली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या जेकब रीस यांनीं ती घेऊन रात्रीं गरिबांच्या कोंदट खोल्यांत प्रवेश केला. काम पुण्याचें होतें, त्यानें कायदे बदलले. तरी झोंपेतून दचकून उठलेल्या त्या माणसांचे डोळे पाहवत नाहींत. त्यांना कोणी विचारलेलें नव्हतें. खिडकीचा उजेड बसणाऱ्याला आधीं दिसतो. हा उजेड त्याला समजण्यापूर्वींच काम उरकून जातो. त्या दारूनें रीस यांनीं दोनदां घर पेटविलें आणि एकदां स्वतःचे कपडे, तें निराळेंच.

१९२९ सालीं जर्मनींत कांचेच्या फुग्यांत ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख व ऑक्सिजन भरलेला दिवा निघाला आणि धूर व आग यांची भीति गेली. दोन वर्षांनीं अमेरिकेंत एजर्टन यांनीं विजेच्या ठिणगीचा झोत सिद्ध केला. उजेड खिशांत आला. पण त्याचा स्वभाव कोणी बदलूं शकलें नाहीं. लहान उगमापासून निघालेला उजेड अंतर दुप्पट झालें कीं चौथाईवर येतो. म्हणून लग्नांतल्या घोळक्यावर समोरून फ्लॅश उडविला कीं पुढें मांडी घालून बसलेलीं मुलें भुतासारखीं पांढरीं आणि मागच्या रांगेंतले आजोबा अंधारांत, हा प्रकार ठरलेला. तोच फ्लॅश छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे फिरविला तर सारी भिंतच खिडकी होते. मात्र भिंत हिरव्या रंगाची असेल तर नवरानवरी दोघेंही हिरवीं! जाणते लोक खिडकीला मुख्य मान देतात आणि फ्लॅश सांवली किंचित् उचलण्यापुरता वापरतात. धाकट्या भावानें थोरल्यापुढें बोलावें तितकाच.

या दोन उजेडांची गांठ एकदां पुण्यांत पडली. १९४६ सालीं गांधीजींचा मुक्काम डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचारगृहांत होता. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट तेथें आल्या, तेव्हां आधीं सूत कातावयास शिका, मग तसबीर घ्या, असें त्यांना सांगण्यांत आलें. त्या शिकल्या. खोलींत उजेड कमी, आणि गांधीजींना डोळ्यांवर येणारा कृत्रिम झोत आवडत नसे. अखेर तीन दिव्यांची परवानगी मिळाली, तीनच. पहिले दोन फुकट गेले. चरख्यापाठीमागें बसून वाचीत असलेल्या गांधीजींची ती तसबीर आतां सर्वांना ठाऊक आहे. तींत चरखा पुढें सांवलींत आहे आणि खिडकीचा उजेड त्यांच्या उघड्या अंगावर आलेला आहे. हव्या तितक्या दिव्यांची मुभा असती तर ती तशी उतरली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या घरच्या पेटींत आजीची एकच तसबीर आहे. ती कोण्या दुकानांतली नव्हे. काकांनीं मित्राचा बॉक्स कॅमेरा मागून आणला होता. आजी अंगणांत यावयास तयार नव्हती आणि काकांपाशीं फ्लॅश नव्हता, म्हणून तिला माजघराच्या उंबऱ्याआंत पाटावर बसविलें, एवढें ऐकून आहों. कुंकूं काळें उमटलें आहे. उजवा गाल स्पष्ट आहे, डावा जवळजवळ दिसत नाहीं. बुबुळांत भिंगानें पाहिलें तर दाराची उभी चौकट ओळखूं येते, आणि तिच्या मधोमध उजेड तुटलेला आहे. दारांत उभे राहून अर्धा उजेड काकांनींच अडविला होता.